पहिला भाग शेवटी

जेवणानंतर माणसं जरा पाठ टेकतात असं मी ऐकून आहे. आमच्या घरात त्या वेळी मी मामीची कूस बदलते, पाठीला पावडर लावते, खुब्याखालची उशी सरळ करते आणि मग तिला वाचून दाखवते. यात माझा काही मोठेपणा नाही. मला अभ्यासाला दुसरा वेळच मिळत नाही. एका हाताने मामीचे पाय दाबायचे आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरायचं, ही माझी अभ्यासिका. आधी मी मनातल्या मनात वाचायचे. पण मामी सारखी विचारायची, "काय गं, एकटीच काय पुटपुटतेस?" एक दिवस वैतागून मी मोठ्यांदा वाचायला लागले, आणि तेव्हापासून परीक्षा आम्हा दोघींची झाली.

मामी म्हणजे माझ्या आईच्या भावाची बायको. आईवडील एकाच अपघातात गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मामा येऊन मला या घरी घेऊन आला. मामाही आता नाही. घरात मामी, तिचा मुलगा दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मी. मुलं मला आत्या म्हणतात. त्यांचे डबे, त्यांचा गृहपाठ, मोठीचं गणित आणि धाकट्याचं रडगाणं हे सगळं माझ्याकडे. मामी गेल्या वर्षी न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ते नीट जुळलंच नाही, आणि तीही माझ्याकडे आली. पाहुण्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या की दादा हसून सांगतो, "घरचीच आहे." घरची म्हणजे कोण, हे पाहुणेही विचारत नाहीत आणि मीही कधी विचारलेलं नाही.

पदवीचे माझे सगळे पेपर सुटले आहेत. घोडं अडलंय ते साहित्याच्या एकाच पेपरला. त्यात मी नापास झालेली नाही, त्याला मी दोनदा बसलेच नाही. पहिल्यांदा धाकट्याला ताप भरला. दुसऱ्यांदा, ऐन पेपरच्या सकाळी, मामी पडली. तिने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. हाड मोडायचा मुहूर्त कुणी काढत नाही. पण त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या मी मनातल्या मनात बरीच बोटं मोडली, आणि ती कुणाच्या नावाने मोडली ते सांगत बसत नाही.

या वर्षी मात्र पेपर द्यायचाच होता. आमच्या शनिवारच्या वर्गात माझ्यासारखीच बाहेरून पदवी करणारी एक बाई आहे, ड्रायव्हिंग शिकवते. तिची मोठी बहीण दुसऱ्या गावात मुलींच्या निवासी शाळेची मुख्याध्यापिका. त्या शाळेच्या वसतिगृहाला अधीक्षिका हवी होती. मला बघून, माझ्याशी बोलून त्या बहिणीने सांगितलं, "जागा धरून ठेवते, पण पदवी हातात हवी. पुढच्या वर्षापर्यंत नाही थांबता येणार." राहायला एक खोली होती. दार असलेली, फक्त माझी. मी घरी ताकास तूर लागू दिली नाही, पण कपडे वाळत घालता घालता त्या खोलीत टेबल कुठे ठेवायचं ते ठरवून टाकलं.

पेपरला होती एक जुनी, जाडजूड इंग्रजी कादंबरी, भाषांतरातली. अनाथ मुलगी, मोठेपणी एका श्रीमंत घरात राहून तिथल्या मुलीला शिकवणारी. सरांनी पहिल्याच तासाला गोष्ट सांगितली. आमचे सर शिकवतात कमी आणि उसासे जास्त टाकतात, म्हणून त्यांचं नाव उसासे सर. "मुलगी मामाच्या घरी वाढते," सर म्हणाले, "मामा वारलेला. मामी जिवंत." मग एक उसासा. वर्गातल्या बाकीच्या वहीत लिहीत होत्या. मी टेबलाच्या कडेला नखाने रेघ ओढत बसले.

वर्गात आम्ही पाच जणी, आणि वाचनालयात कादंबरीची प्रत एक. बाजारात ती मिळत नव्हती. ग्रंथपालबाईंनी शेवटी ब्लेड घेतलं, शिवणीचा दोरा कापला आणि त्या ठोकळ्याचे पाच भाग केले. प्रत्येकाला तपकिरी कागदाचं कव्हर घातलं, वर आकडा टाकला आणि प्रत्येकीच्या हातात एकेक ठेवला. वाचून झाला की पुढचीकडे द्यायचा, मागचीकडून घ्यायचा. म्हणजे एकीशिवाय कुणालाच गोष्ट सुरुवातीपासून वाचायला मिळणार नव्हती. ड्रायव्हिंगवालीच्या वाट्याला शेवट आधी आला. ती म्हणाली, "मला काय, मी रिव्हर्स घेतच आले." माझ्याकडे दुसरा भाग आला. पहिला सगळ्यात शेवटी मिळणार होता.

त्यामुळे मामीने ही कादंबरी मधूनच ऐकायला घेतली. नायिका शाळा संपवून त्या मोठ्या घरात कामाला लागते तिथून.

"एवढी शिकलेली पोरगी," मामी म्हणाली, "आणि काम काय, तर एका पोरीला शिकवायचं? एकीला? तू तर दोघांना शिकवतेस."

"तिला राहायला खोली आहे, मामी."

"मग तुला नाही?"

"मी मुलांच्या खोलीत झोपते."

"मग तेच ना," मामी म्हणाली, आणि विषय तिच्यापुरता संपला.

घराचा मालक तिला पहिल्यापासून पसंत नव्हता. "फार बोलतो हा. एवढं बोलणाऱ्याचं काहीतरी झाकलेलं असतं, लिहून ठेव." मी पेपरसाठी लिहूनही ठेवलं. पुढे नायिकेशी लग्नाच्या ऐन वेळी त्याची आधीची बायको त्याच घरात निघाली, तेव्हा मामीला इतका आनंद झाला की संध्याकाळी वहिनी दारातून आत येते न येते तोच तिने तिला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या पायांचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या पोरालाही. नायिका त्या घरातून रिकाम्या हाताने पळून जाते आणि रानोमाळ उपाशी भटकते, तिथे मामी चिडली. "निघताना डबा तरी भरून घ्यायचा! घर सोडायचं तर नीट तयारीने सोडावं." मी म्हटलं, "लक्षात ठेवते." तिला त्यातली खोच कळली नाही.

पण हे सगळं चौथ्या भागातलं. खरी गंमत झाली ती त्याच्याआधी, तिसऱ्यात.

तिसऱ्या भागात नायिकेची मामी मरायला टेकते. तिचा निरोप येतो, आणि ही इतक्या वर्षांनी तिला भेटायला जाते. हातातला पाय मी उगाचच जोरात दाबला असेन, कारण मामी "हळू" म्हणाली. नायिका अंथरुणाशी बसते, झालं गेलं सोडून देते, मामीला माफ करते. मामी काही विरघळत नाही. तोंड फिरवते आणि तशीच मरते.

मामीने पुस्तकाकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "माफ केलं म्हणजे? कशाबद्दल?"

"ते पहिल्या भागात आहे. आपल्याकडे अजून आला नाही."

"तुला माहीत असेल की."

"सरांनी थोडं सांगितलंय."

"मग सांग."

"नको. येईल तेव्हा वाचूच."

मी का सांगितलं नाही, ते मला चांगलं ठाऊक होतं. मामीने ते पुस्तकातून ऐकावं आणि ऐकताना मला तिचा चेहरा दिसावा, असं मला वाटत होतं. मला तिच्याकडून काहीतरी हवं होतं. माझी शाळा संपली, कॉलेजात नाव लागलं, त्या वर्षी मामाची आई अंथरुणाला खिळली. मामी माझ्याजवळ आली, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "या वर्षी राहू दे गं. पुढच्या वर्षी जा." मला नवा ड्रेसही आणला. कुणी ओरडलं नाही, कुणी मारलं नाही. पुढच्या वर्षी आजी तशीच होती. मग आजी गेली, मग दादाचं लग्न, मग बाळंतपणं, मग वहिनीची नोकरी. कॉलेज मी विशी उलटून पंधरा वर्षं झाल्यावर, बाहेरून, पोस्टाने सुरू केलं. मामीने एकदा म्हणावं, की तेव्हा चुकलं. एवढंच हवं होतं मला. इतकी वर्षं हे मागायला तोंड उघडलं नाही, म्हणून आता एका परदेशी बाईच्या मामीला पुढे करत होते.

मामीलाही चैन पडेना. चौथा भाग झाला, पाचवा झाला, नायिका सुखात पडली, पण हिचा प्रश्न एकच. "आला का गं पहिला?" शनिवारी मी वर्गावरून आले की चपला काढायच्या आत आतून आवाज यायचा. "काय केलं असेल त्या बाईने?" रात्रीचा भात भरवताना ती स्वतःच अंदाज बांधायची. "उपाशी ठेवलं असेल. चटके दिले असतील. नाहीतर पोरीचं सोनंनाणं गिळलं असेल." मी म्हणायचे, "आ कर."

परीक्षेच्या आदल्या शनिवारी पहिला भाग हातात पडला. ड्रायव्हिंगवालीने तो माझ्या पिशवीत कोंबला आणि म्हणाली, "या वेळी कुणी मरो की जगो, तू हॉलमध्ये दिसली पाहिजेस." मी हसले. घरी येईपर्यंत ते हसू टिकलं नाही, कारण पेपर होता कामाच्या दिवशी, सकाळचा, आणि मामीजवळ बसायला कुणी नव्हतं.

मी शेजारच्या काकूंना विचारलं. त्या लेकीकडे गेलेल्या. व्यायाम घेणाऱ्या पोराला विचारलं. त्याला दुसरे रुग्ण. दिवसापुरती बाई मिळते का ते बघितलं. मिळत होती, पण मामी परक्या बाईला अंगाला हात लावू देत नाही, मागे एकीला तिने पावडरचा डबा फेकून मारलेला. फोन करून करून माझ्या नाकी नऊ आले. शेवटी मी दादाशी बोलले. तो टीव्हीसमोर बसला होता. तसा तो वाईट माणूस नाही. माझ्याशी कधी वाकडं बोलला नाही.

"त्याच दिवशी नेमके मोठे साहेब यायचेत," तो म्हणाला. "हिच्याकडेही ऑडिट चाललंय. नाहीतर बसलो असतो ना."

"दादा, माझं आता हे तिसऱ्यांदा आहे."

"अगं, मग या वर्षी राहू दे ना. पुढच्या वर्षी दे. तुला कुठे घाई आहे?"

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "ताई, खरंच हो, सुट्टी मिळाली असती तर..." आणि तिने कुकरची शिट्टी काढून ठेवली. मला इतका थकवा आला की भांडायलाही जीव उरला नाही. मी मुलांच्या खोलीत जाऊन मोठीचं गणित तपासलं. सगळी उत्तरं चुकली होती. पहिल्यांदाच मी तिला ओरडले नाही. ती घाबरली, म्हणाली, "आत्या, तुला बरं नाही का?"

पेपरच्या आदल्या दुपारी आम्ही पहिला भाग वाचायला घेतला. मामीने चष्मा मागून घेतला, ऐकायला चष्मा कशाला ते तिलाच माहीत. मी वाचू लागले. मामेभाऊ त्या पोरीला मारतो. ती उलटून मारते. सगळे तिलाच धरतात आणि मामी तिला मेलेल्या मामाच्या खोलीत कोंडते. पोरगी आतून किंचाळते, दार कुणी उघडत नाही, आणि ती भीतीने बेशुद्ध पडते.

मी थांबून मामीकडे पाहिलं.

"एवढंच?" मामी म्हणाली.

"एवढंच म्हणजे?"

"इतके दिवस जीव टांगणीला लावलास माझा. मला वाटलं, काय न् काय केलं असेल. खोलीत कोंडलं! अगं, दादाला मी दोनदा कोंडलंय. वाच पुढे."

महिनाभर मी ज्याची वाट बघत होते ते हे होतं. रागही आला, पण कुणावर काढणार? पुढे वाचलं. पोरगी मामीच्या तोंडावर तिला खरं ते सुनावते. मामी तिला दूरच्या शाळेत धाडून देते, आणि सुट्टीतही परत आणत नाही.

"थांब," मामी म्हणाली. "म्हणजे तिच्या मामीनेच तिला शाळेत घातलं?"

"घातलं कसलं? हाकलली. डोळ्यांसमोर नको म्हणून."

"तेच ते. नको होती म्हणून पाठवली."

"हो."

"आणि तिथे शिकली, म्हणून पुढे नोकरी लागली. स्वतःच्या पायावर उभी राहिली."

"हो, मामी."

मी पान उलटणार होते, पण तिने हात वर केला.

"मी तुझ्यावर कधी हात उगारला नाही," ती म्हणाली.

"नाही उगारलास."

"दादाला एक आणि तुला एक, असं कधी वाढलं नाही."

"कधीच नाही."

"तू मला हवी होतीस गं. तू आलीस, घरात मुलगी आली." ती जरा थांबली. "म्हणून तर तुला कुठे पाठवलं नाही."

तिने चष्मा काढला. मी तो तिच्या हातातून घेऊन पुसला आणि उशाशी ठेवला. चुकलं, हा शब्द ती बोलली नाही, आणि मला एकदम कळलं की आता तो आला असता तरी माझ्या काही कामाचा नव्हता. त्या पोरीला निदान चिडायला जागा होती. मामी दुष्ट होती, तिला तोंडावर बोलता आलं, निघून जाता आलं. माझी मामी चांगली होती. खरंच चांगली होती. ज्या हाताने तिने माझं कॉलेज थांबवलं तोच हात डोक्यावरून फिरवला, आणि त्या हाताखालून उठून जाणं मला कधी जमलं नाही. मला रडू आलं. मामीने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"उद्या माझा पेपर आहे," मी म्हटलं.

"ठाऊक आहे."

"पास झाले तर मी जाणार आहे. दुसऱ्या गावाला. नोकरी आहे, राहायला खोली आहे."

तिने डोळे मिटले. म्हणाली, "पुढे वाच. अजून बरंच राहिलंय."

सकाळी मी मामीचं तोंड धुतलं, तिला चहा पाजला, कूस बदलली. मुलांचे डबे भरले आणि माझाही एक भरला. वहिनी ऑडिटला निघून गेली. मुलं शाळेच्या बसने गेली. मी साडी बदलली, पेन बघितलं, पिशवी खांद्याला लावली. दादा बाहेरच्या खोलीत बूट घालत होता. पिशवी बघून त्याचे हात थांबले.

"तू कुठे?"

"पेपरला."

"अगं, पण आपलं ठरलं होतं ना, की या वर्षी... मग आईकडे कोण?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

या घरात 'माहीत नाही' असं उत्तर मी कधी दिलं नव्हतं. किल्ल्या कुठे, पाना कुठे, धाकट्याची कान दुखायची गोळी कुठली, सगळं मला माहीत असायचं. दादा माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी भलत्याच भाषेत बोलले.

"माहीत नाही म्हणजे काय? साहेब यायचेत आज!"

आतून मामीची हाक आली. मी दारात जाऊन उभी राहिले. ती मान वळवून माझ्याकडे बघत होती. काल तिला सगळं कळलं होतं. मला ते दिसलं होतं. पण कळणं वेगळं आणि मोडक्या खुब्याने एका कुशीवर पडून राहणं वेगळं.

"माझं कोण बघणार गं?" तिने विचारलं. ओरडून नाही, अगदी बारीक आवाजात.

पिशवी खाली ठेवावी, असं वाटलं. तिथे जरा वेळ उभी राहिले असते तर ठेवलीच असती.

"माहीत नाही, मामी," मी म्हटलं, आणि वळले.

चपला घातल्या. दार मागे लोटलं, पण कडी लागल्याचा आवाज आला नाही. मी अर्धा जिना उतरले तेव्हा वरून दादाचा आवाज ऐकू आला. तो फोनवर कुणाला तरी अजिजीने सांगत होता, "सर, आज नाही जमणार यायला. नाही, सगळे ठीक आहेत. पण घरी कुणी नाहीये."

मी कठड्याला धरून उभी राहिले. घरी मामी होती, दादा स्वतः होता, आणि तरी घरी कुणी नव्हतं. इतकी वर्षं त्या घरात मी नेमकी कोण होते, हे मला तिथे, जिन्यात कळलं. हुंदका आला, तो मी पदरात दाबला.

मी वर गेले नाही.